मुलांच्या स्वस्त लॅपटॉपवर लेखनाचं सॉफ्टवेअर निवडताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर बघायचं आणि मुलांच्या लॅपटॉपवर टाकायचं. मोठ्यांच्या यंत्रात ८ किंवा १६ जीबी रॅम असते. मुलांच्या यंत्रात ४, कधी २, आणि साठवणुकीला ३२ किंवा ६४ जीबी, त्यातलीही बरीच जागा ऑपरेटिंग सिस्टिमच खाऊन बसते. मग मूल ‘आ’ दाबतं, काही उमटत नाही, पुन्हा दाबतं, आणि एकदम दोन ‘आ’ पुढ्यात येतात. त्याला वाटतं, आपलंच चुकलं. हे बघताना जीव तुटतो, कारण नुकतं लिहायला लागलेलं मूल अशा वेळी लिहिणंच सोडून देतं.

म्हणून आधी त्याच लॅपटॉपवर दहा पानांची, चार फोटो असलेली फाइल उघडा. ब्राउझरही चालू असू द्या, मुलं तो बंद करत नाहीत. मग शेवटच्या पानावर जाऊन टाइप करा. लिब्रेऑफिस रायटर हा लेखनाचा मोफत प्रोग्राम अडखळत असेल आणि यंत्र लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं असेल, तर अबीवर्ड हा त्याहून हलका प्रोग्राम लावून बघा. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या मुलांना स्वस्त लॅपटॉप देणाऱ्या प्रकल्पाच्या २००७ सालच्या एक्सओ लॅपटॉपमध्ये रॅम अवघी २५६ एमबी होती आणि त्यातला लेखनाचा प्रोग्राम अबीवर्डवरच उभा होता.

त्या लॅपटॉपची आणखी एक गोष्ट मला फार पटते. मुलाने केलेलं काम त्यात आपोआप जतन व्हायचं. मुलं ‘सेव्ह’ दाबत नाहीत, बॅटरी संपली की झाकण मिटून मोकळी होतात. ‘त्यांना सवय लागेल’ म्हणत बसू नका. रायटरमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे जा. ऑटोरिकव्हरीची, म्हणजे काम आपोआप राखून ठेवण्याची, मुदत दहा मिनिटं असते, ती दोनवर आणा. दहा मिनिटांत मुलाचा अख्खा निबंध लिहून होतो.

मराठी टाइप करून न बघणं ही चूक तर अगदी सर्रास होते. मेन्यू मराठीत दिसला म्हणजे झालं, असं नाही. ‘विद्यार्थ्यांच्या’ हा एकच शब्द टाइप करा. रफार आणि अनुस्वार जागेवर बसतात का, पहिली वेलांटी ‘व’च्या डावीकडे येते का, बॅकस्पेस दाबल्यावर नेमकं काय पुसलं जातं, सगळं कळतं. अक्षरं सुटी पडली तर आधी युनिकोड (सगळ्या यंत्रांवर अक्षरं सारखीच ओळखली जाण्याची पद्धत) पाळणारा देवनागरी फॉन्ट आहे का ते पाहा. जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट घालून वेळ मारून नेऊ नका. तो मजकूर दुसऱ्या यंत्रावर गेला की निव्वळ अगम्य चिन्हं उरतात.

ऑनलाइन एडिटरवर सगळी भिस्त ठेवायची असेल तर नेट बंद करून एकदा बघाच. गूगल डॉक्स नेटशिवाय चालतं, पण ती सोय नेट असतानाच, त्याच लॅपटॉपवर चालू करून ठेवावी लागते. लहान मुलांच्या खात्याला पालकांची संमती लागते, तेही आधीच उरकून घ्या.

फाइलचा प्रकारही पहिल्याच दिवशी ठरवा. एकाने ओडीटी (.odt, रायटरचा प्रकार), दुसऱ्याने वर्डचा .docx असं चाललं की तक्ते आणि चित्रं हलतात. ओडीटी हा खुला प्रकार २००६ पासून आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि अडचणीत उपयोगी पडतो. कारण ती फाइल मुळात झिप, म्हणजे अनेक फाइलींचं एक गाठोडं, असते. उघडत नसेल तर तिची प्रत काढा, नावाचा शेवट ‘.odt’ऐवजी ‘.zip’ असा बदला आणि आतली ‘content.xml’ नावाची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. झिप शाबूत असेल तर खुणांच्या गर्दीत मुलाची वाक्यं जशीच्या तशी सापडतात. ती उचलून नव्या फाइलमध्ये चिकटवा.