‘रॅथ’ हा इंग्रजी शब्द कसा वापरावा

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी कोल्हापूर परिसरातील मुले शब्दसंग्रहाची वही नेमाने भरतात. पण तिच्यात ‘अँगर’, ‘रेज’, ‘फ्युरी’ आणि ‘रॅथ’ या चारही शब्दांपुढे बहुधा ‘राग’ एवढेच लिहिलेले असते. पर्याय निवडण्याच्या प्रश्नाला तेवढे पुरतेही, मात्र निबंध किंवा पत्र लिहिताना त्यातला ‘रॅथ’ हमखास चुकीच्या जागी पडतो.

‘अँगर’ म्हणजे मनात येणारा साधा राग, मग तो कोणाचाही आणि कशावरही असो. ताबा सुटला की त्याचा ‘रेज’ होतो, तर अन्याय पाहून येणाऱ्या चिडीला ‘इंडिग्नेशन’ म्हणतात. ‘रॅथ’ मनात राहत नाही, तो दुसऱ्यावर कोसळतो. ज्याच्या हाती शिक्षा करण्याचे बळ आहे, अशा देवाचा, राजाचा, वरिष्ठाचा किंवा खवळलेल्या जनसमुदायाचा तो राग असतो. म्हणून मराठीत त्याच्यापुढे ‘राग’ न लिहिता ‘कोप’ किंवा ‘रोष’ लिहावे. देवाचा कोप होतो, जनतेचा रोष पत्करावा लागतो, पण एसटी उशिरा आली म्हणून कोणी कोपत नाही. तिथे आपण वैतागतो किंवा फार तर आपले ‘डोस्कं फिरतं’. अशा ठिकाणी इंग्रजीतही ‘रॅथ’ नको, ‘अनॉइड’ किंवा ‘अँग्री’ पुरेसे आहे.

उच्चाराचे दोन प्रकार आहेत. ब्रिटिश पद्धतीत ‘रॉथ’ आणि अमेरिकन पद्धतीत ‘रॅथ’ म्हणतात. दोन्ही शुद्धच आहेत, फक्त एकाच संभाषणात दोन्हींची सरमिसळ करू नये. स्पेलिंगच्या आरंभीचा ‘डब्ल्यू’ उच्चारात येत नाही. तालमींच्या या गावात ‘रेसलिंग’ हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे आणि त्याच्याही आरंभी असाच मुका ‘डब्ल्यू’ आहे, हे ध्यानात ठेवले तर लिहिताना तो गळणार नाही. पुष्पचक्राला ‘रीथ’ म्हणतात आणि त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘डब्ल्यू-आर’नंतर एक ‘ई’ जास्त असतो. अभिवादनाच्या कार्यक्रमाची बातमी इंग्रजीत लिहिताना तो राहून गेला, तर पुष्पचक्राऐवजी कोप अर्पण होतो, तेव्हा तिथे विशेष जपावे.

आता वाक्यरचना पाहू. ‘रॅथ’ हे न मोजता येणारे नाम आहे. त्याचे अनेकवचन करीत नाहीत आणि ‘आय ॲम रॅथ’ असेही म्हणता येत नाही. मराठीत ‘कोपणे’ हे क्रियापद आहे, तसे आजच्या इंग्रजीत या शब्दाचे क्रियापद नाही, म्हणून त्याला दुसऱ्या क्रियापदाचा आधार द्यावा लागतो. सर्वांत रुळलेली जोडी ‘इन्कर द रॅथ ऑफ’ ही आहे आणि आपला ‘रोष ओढवून घेणे’ हा प्रयोग तिच्याशी तंतोतंत जुळतो. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानाच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. या आणि अशा निर्णयांमुळे त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला, हे इंग्रजीत सांगायचे तर ‘ही इन्कर्ड द रॅथ ऑफ द ऑर्थोडॉक्स’ असे नेमके लिहिता येते. ‘फेस द रॅथ ऑफ’ म्हणजे रोषाला तोंड देणे. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनाविषयी लिहिताना ही रचना चपखल बसते, कारण तिथे सारे शहर एकवटले होते आणि अखेरीस टोल रद्द करावा लागला.

‘द रॅथ ऑफ नेचर’, म्हणजे निसर्गाचा कोप, हा प्रयोग व्याकरणाने शुद्ध आहे. तरीही पंचगंगेच्या महापुरावर निबंध लिहिताना तो टाळावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. राजाराम बंधाऱ्यापाशी नदीने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडल्यावर जे घडते, त्यात अतिवृष्टीबरोबरच धरणांतून होणारा विसर्ग आणि पूररेषेतील बांधकामे यांचाही वाटा असतो. ‘कोप’ म्हटले की हे सारे प्रश्न एका शब्दाखाली झाकले जातात आणि निबंध तिथेच संपतो.

कार्यालयीन तक्रारअर्जात हा शब्द अजिबात वापरू नये. पाणीपुरवठा खंडित झाल्याबद्दल नागरिकाने ‘आय एक्सप्रेस माय रॅथ’ असे लिहिले, तर तो स्वतःला राजाच्या आसनावर बसवतो. तिथे ‘डिससॅटिस्फॅक्शन’ किंवा ‘ग्रीव्हन्स’ हेच शब्द योग्य. बोलताना इंग्रजीभाषक ‘माय मदर्स रॅथ’ असे घरच्या माणसांबद्दल म्हणतात खरे, पण त्यात थट्टेचा सूर असतो, आणि तो सूर अर्जात चालत नाही.

‘रॅथफुल’ हे विशेषण आणि ‘रॉथ’ (स्पेलिंगमध्ये ‘ए’ऐवजी ‘ओ’ असलेला वेगळा शब्द) हे त्याहून जुने विशेषण मुख्यतः धार्मिक व ललित लेखनात आढळते. ते वाचताना कळले तरी पुरे. समानार्थी शब्दांच्या प्रश्नात ‘रॅथ’ला ‘आयर’ हा पर्याय दिसला, तर तो निःशंक निवडावा. तीनच अक्षरांचा असल्यामुळे वृत्तपत्रांच्या मथळ्यांत तो ‘रॅथ’च्या जागी सर्रास येतो.