नवा अल्बम आलाय? आधी नीट ऐका, मग बोला

सांगलीच्या हळदीच्या सौद्यात कांडी मोडून आतला रंग बघितल्याशिवाय भाव बोलत नाहीत. आवडत्या बँडचा अल्बम आला की मात्र पहिलं गाणं अर्धं व्हायच्या आत ‘कडक’ नाहीतर ‘आता पहिल्यासारखं राहिलं नाही’ असं स्टेटस पडतं. अल्बम निदान तीनदा ऐका, आणि त्याआधी फोन ठिकाणावर आणा.

ॲपमध्ये डाउनलोडचा दर्जा सगळ्यात वरचा ठेवा. ३२० केबीपीएस (सेकंदाला ३२० किलोबिट) दर्जाला मिनिटाला २.४ एमबी लागतात, म्हणजे ४५ मिनिटांचा अल्बम साधारण १०८ एमबी. तो घरीच उतरवून घ्या. वाटेत नेट मंदावलं की ‘ऑटो’ दर्जा गुपचूप खाली येतो आणि झांजांची सळसळ पाण्यात बुडाल्यासारखी होते. शफल बंद, क्रॉसफेड (एका गाण्याचा शेवट पुढच्यात मिसळणारी सोय) शून्यावर, इक्वलायझर आणि फोनचे बाकीचे इफेक्टही बंद. ॲक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ चालू राहिला असेल तर डावी-उजवी बाजू एक होते आणि दोन गिटारी वेगळ्या कळतच नाहीत.

पहिलं ऐकणं सांगली-मिरज बसमध्ये नको. इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली असते, ती नेमका बेस गिळते आणि बोल बँडला बसतो. घरीही बेस पातळ वाटला तर इअरफोन कानात हलकेच दाबून बघा. दाबल्यावर बेस वाढला तर रबर लहान पडतंय, मोठं लावा.

पहिल्यांदा क्रमाने, मध्ये न थांबता ऐका. दुसऱ्यांदा गाणारा सोडून द्या आणि फक्त बेस व ड्रमच्या मागे जा. तिसऱ्यांदा शब्द आणि श्रेयनामावली समोर ठेवा. जुन्या अल्बमशी तुलना करायची असेल तर दोन्हींचा आवाज कानाने सारखा करून घ्या. जो मोठ्याने वाजतो तोच भारी वाटतो. यात भलेभले फसतात.

फ्यूजन बँड असेल आणि मागे तंबोरा असेल, तर तिथे जरा रेंगाळा. सुरावट बहुधा अशी असते: पहिली तार पंचमाची (प), मधली जोडी षड्जाची (सा), शेवटची खरजाची (खालचा सा). तारेखाली, घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी), जवारीचा दोरा असतो. तो योग्य जागी बसला की स्वर उमलतो, सरकला की तार मुकी होते. हा फरक शब्दांत कळायचा नाही. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात जाऊन दोरा सरकवण्याआधी आणि नंतर ऐकवायची विनंती करा. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.) मग अल्बमकडे परत या. हाताने छेडलेल्या तंबोऱ्यात दोन छेडींमधलं अंतर आणि जोर किंचित बदलत राहतो. लूप (एकच ध्वनिमुद्रित तुकडा पुन्हा पुन्हा लावलेला) असेल तर ठरावीक वेळाने तीच छेड हुबेहूब परत येते. लूप वापरणं गुन्हा नाही, पण ‘अस्सल तंबोरा’ लिहिण्याआधी एवढं तपासा.

लिहिताना ‘बेसवाल्याने जीव ओतलाय’ एवढ्यावर थांबू नका. कितव्या मिनिटाला बेस थांबतो, ड्रम एकटा किती आवर्तनं राहतो, ते सांगा. वेळ अल्बममधल्या गाण्याची द्या. व्हिडिओत सुरुवातीला बरेचदा दृश्यं जोडलेली असतात, त्यामुळे सेकंद पुढे सरकतात आणि वाचणारा भलत्याच जागी जाऊन शोधत बसतो.