हेवी मेटलचा आवाज हवाय? आधी स्पीकर बघा
नवी गिटार घेण्याआधी स्पीकर बदलून बघा, फरक तिथे जास्त कळतो. १२ इंची गिटार स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने कापतो, म्हणून डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला, खरखरीत आवाज) कानाला टोचत नाही. तेच डिस्टॉर्शन थेट म्युझिक सिस्टीमवर वाजवलं तर डबीत माशी अडकल्यासारखं वाटतं! जुन्या धाटणीच्या रॉकला सेलेस्चन कंपनीचा २५ वॉटचा ग्रीनबॅक स्पीकर छान. मेटल रिफसाठी (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या तुकड्यासाठी) मी त्यांचाच ६० वॉटचा व्हिंटेज ३० घेईन. त्याचे मिड्स (मधल्या पट्टीतला आवाज) ड्रम्सच्या गदारोळातही ऐकू येतात. स्पीकरचे वॉट अँपपेक्षा (अँप्लिफायरपेक्षा) जास्तच ठेवा आणि दोघांचे ओहम (विद्युत अवरोध) जुळवा. गिटारला ब्रिजपाशी (तारा जिथे खोडावर टेकतात तिथे) हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप (तारांचा कंप टिपणारा भाग) हवाच, कारण सिंगल कॉइल पिकअप जास्त गेनवर (सिग्नल खूप वाढवल्यावर) गुणगुणत राहतो. गिटारचं लाकूड कुठलं, हा वाद सावकाश घाला.