अधिवेशनातले विधेयक कायदा होण्याआधी कसे वाचावे

विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले की कोल्हापुरात आपले लक्ष असते ते जिल्ह्यातल्या दहा आमदारांपैकी कोणी काय प्रश्न विचारला, पंचगंगेच्या प्रदूषणावर लक्षवेधी लागली का आणि पुरवणी मागण्यांत आपल्या रस्त्याला निधी मिळाला का, याकडे. त्याच दिवसांत, त्याच सभागृहात विधेयके मांडली जातात आणि संमत होतात, आणि आपल्या पतसंस्थेला, दूध संस्थेला, शाळेला, घरफाळ्याला पुढे वर्षानुवर्षे जे लागू राहते ते या विधेयकांत असते. मी एका पतसंस्थेचे दप्तर बरीच वर्षे सांभाळले. सभासदाने सलग पाच वर्षांच्या काळात किमान एका सर्वसाधारण सभेला हजर राहिले पाहिजे आणि संस्थेच्या सेवांचा ठरावीक किमान वापर केला पाहिजे, नाही तर तो क्रियाशील सभासद राहत नाही, ही तरतूद २०१३ साली सहकार कायद्यात आली. आम्हाला ती नीट समजली तेव्हा सभेच्या नोटिसा निघून गेल्या होत्या आणि जुन्या हजेरीवहीत अनेक सभासदांची एकही सही नव्हती. विधेयक वाचले असते तर निदान नोटिशीत दोन ओळी घालता आल्या असत्या. तेव्हापासून मी विधेयके वाचतो, आणि ती कशी वाचावीत हे इथे लिहीत आहे.

आपल्याकडे वर्षाला तीन नियमित अधिवेशने होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत भरते, तर हिवाळी अधिवेशन १९५३ च्या नागपूर करारानुसार नागपुरात. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू नये, असे राज्यघटनेचा अनुच्छेद १७४ सांगतो. अर्थसंकल्पी अधिवेशनाचा बराच वेळ खात्यांच्या खर्चाच्या मागण्या आणि त्या खर्चाला मान्यता देणारे विनियोजन विधेयक घेते. इतर विधेयके पुष्कळदा शेवटच्या आठवड्यात दाटीने येतात, म्हणून लक्ष ठेवायचे ते पहिल्या दिवसापासून.

आधी एक खात्री करून घ्यावी, की आपल्याला ज्याची चिंता आहे तो विषय मुळात विधेयकाचा आहे का. कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ व्हावे यासाठी वकिलांनी आणि नागरिकांनी अनेक दशके आंदोलन केले, सर्व पक्षांच्या आमदारांना निवेदने दिली. १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झाले ते मात्र विधिमंडळाच्या कोणत्याही विधेयकाने नव्हे, तर १९५६ च्या राज्य पुनर्रचना अधिनियमाखाली मुख्य न्यायमूर्तींनी काढलेल्या अधिसूचनेने. महामार्गासाठी जमीन घेण्याचा वादही बहुधा अधिसूचनेचा असतो, कारण ती ज्या कायद्याखाली निघते तो आधीच अस्तित्वात असतो. शासन निर्णय, अधिसूचना, नियम आणि विधेयक या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सभागृहात मतदान होते ते विधेयकावर. ज्या कागदाला विधेयक क्रमांक नाही, त्यासाठी आमदाराकडे दुरुस्ती मागून उपयोग नाही.

विधेयकाची प्रत महाराष्ट्र विधानमंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळते आणि राजपत्रातही ते प्रसिद्ध होते. वर्तमानपत्रातल्या बातमीवर थांबू नये. बातमीतून क्रमांक आणि नाव तेवढे घ्यावे, उदाहरणार्थ ‘सन २०२४ चे विधानसभा विधेयक क्रमांक ३३’, आणि मूळ कागद उघडावा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही पाठ उतरवून घ्यावेत, कारण मराठी वाक्य एका पानभर लांबले की कर्ता कोण हे कधीकधी इंग्रजीत लवकर सापडते. हातात आलेली प्रत कोणत्या टप्प्यावरची आहे हेही पाहावे. पुरःस्थापित झालेले, म्हणजे सभागृहात पहिल्यांदा मांडलेले विधेयक, समितीने सुधारलेले विधेयक आणि विधानसभेने संमत केलेले विधेयक यांत फरक असू शकतो, आणि जुन्या प्रतीवर वाद घालणारी माणसे मी बैठकांत पुष्कळ पाहिली आहेत.

वाचायला सुरुवात शेवटून करावी, असे माझे मत आहे. शेवटच्या पानांवर ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असते आणि त्याखाली प्रभारी मंत्र्यांचे नाव असते. सरकारला हा कायदा का हवा आहे ते तिथे सरकारच्याच शब्दांत मिळते. खर्च येणार असेल तर वित्तीय ज्ञापन असते. त्याच्या जवळच ‘वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन’ असते, ते सगळेच टाळतात आणि मी सर्वांत आधी वाचतो. विधेयकातले कोणते खंड पुढे नियम किंवा आदेश काढण्याचा अधिकार शासनाला देतात, याची तिथे खंडवार नोंद असते. ज्या विधेयकात ही नोंद लांबलचक आहे, त्याचा खरा मजकूर अजून लिहिला जायचा आहे असे समजावे.

मग खंडांकडे वळावे. विधेयकात ‘खंड’ असतात आणि कायदा झाल्यावर त्यांची ‘कलमे’ होतात. नवा कायदा असेल तर व्याख्यांचा खंड दोनदा वाचावा. विधेयक सुधारणेचे असेल, आणि बहुतेक विधेयके तशीच असतात, तर ते एकटे वाचून काहीच कळत नाही. समासात बारीक अक्षरांत ‘१९६१ चा महा. २४’ असे काही छापलेले असते. याचा अर्थ १९६१ सालचा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २४, म्हणजेच आपला सहकारी संस्था अधिनियम, १९६०. तो मूळ अधिनियम शेजारी उघडून ठेवावा लागतो.

नमुना म्हणून मी रचलेला एक खंड घेऊ: ‘मुख्य अधिनियमाच्या अमुक कलमाच्या पोट-कलम (१) मधील, “तीस दिवसांच्या” या मजकुराऐवजी, “पंधरा दिवसांच्या” हा मजकूर दाखल करण्यात येईल.’ एवढ्या एका ओळीत अपील करण्याची मुदत निम्म्यावर येते. मूळ कलम उघडून पाहिल्याशिवाय हे तीस दिवस कशाचे होते ते कळणार नाही. मी मूळ कलमाची झेरॉक्स काढतो, जुना मजकूर पेन्सिलीने खोडतो, नवा वर लिहितो आणि मग ते कलम सबंध, मोठ्याने वाचतो. मोठ्याने वाचले की अन्वय लागतो. ‘वगळण्यात येईल’ असे दिसले तर जे वगळले ते कोणाच्या संरक्षणासाठी होते ते शोधावे. परंतुक वगळले असेल तर अधिकच, कारण मराठी कायद्यात सर्वसामान्य माणसाला मिळणारी सूट पुष्कळदा ‘परंतु’ या शब्दाच्या पुढे असते.

काही शब्दप्रयोग ओळखीचे करून घ्यावे लागतात. ‘राज्य शासन नेमील’ आणि ‘राज्य शासनास नेमता येईल’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात कर्तव्य आहे, दुसऱ्यात मुभा. ‘विहित रीतीने’ असे आले की ती रीत विधेयकात शोधू नये, ती नंतरच्या नियमांत येणार असते. ‘इतर कोणत्याही कायद्यात काहीही अंतर्भूत असले तरी’ ही सुरुवात असेल तर हा खंड दुसऱ्या कायद्यावर मात करणार आहे, आणि तो दुसरा कायदा कोणता हे विचारणे आपले काम. ‘अमलात आला असल्याचे मानण्यात येईल’ असे वाक्य भूतलक्षी प्रभाव देते, म्हणजे आपण गेल्या वर्षी केलेल्या व्यवहारालाही ते लागू शकते.

प्रारंभाचा खंड तर कधीच सोडू नये. अंबाबाईच्या मंदिरात पगारी पुजारी नेमण्यासाठीचे विधेयक, २०१७ च्या आंदोलनानंतर, मार्च २०१८ मध्ये विधिमंडळात संमत झाले. त्यानंतरही अंमलबजावणीची मागणी कोल्हापुरात कितीतरी काळ होत राहिली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. विधेयक संमत होणे, त्याला संमती मिळून ते अधिनियम म्हणून राजपत्रात येणे, आणि तो अधिनियम अमलात येणे हे तीन वेगळे दिवस असू शकतात. ‘तो, राज्य शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास अमलात येईल’ असे लिहिलेले असेल, तर त्या अधिसूचनेवर स्वतंत्रपणे लक्ष ठेवावे लागते.

सभागृहातला प्रवास असा होतो. मंत्री विधेयक पुरःस्थापित करतात, पुढे ते विचारार्थ घेण्याचा प्रस्ताव येतो, मग खंडशः विचार होतो आणि शेवटी ते संमत करण्याचा प्रस्ताव येतो. दुरुस्त्या येतात त्या खंडशः विचाराच्या वेळी, आणि सदस्याने त्यांची लेखी सूचना त्याआधी द्यावी लागते. म्हणून आपल्यासारख्यांना हात घालायला जागा आहे ती पुरःस्थापना आणि विचारार्थ घेण्याचा प्रस्ताव यांच्या मधल्या दिवसांत. ते दिवस थोडे असतात. २० फेब्रुवारी २०२४ च्या विशेष अधिवेशनात मराठा आरक्षणाचे विधेयक एकाच दिवसात दोन्ही सभागृहांत संमत झाले. नियमित अधिवेशनात सहसा काही दिवस मिळतात, पण ते वाया घालवण्याइतके नसतात. रोजचा कामकाजाचा क्रम संकेतस्थळावर येतो, तो रोज पाहावा.

विधानसभेत २८८ आणि विधानपरिषदेत ७८ सदस्य आहेत, आणि सामान्य विधेयक दोन्हीकडे संमत व्हावे लागते. परिषद अडवू शकते, पण कायमची नाही: पहिल्या वेळी तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा संमत करून पाठवल्यावर एक महिना. धन विधेयक, म्हणजे केवळ कर आणि सरकारी खर्च यांसंबंधीचे विधेयक, परिषदेला चौदा दिवसांतच परत करावे लागते. कोल्हापूरच्या पदवीधराने हे विसरू नये, की त्याचा आमदार फक्त करवीरचा किंवा कागलचा नसतो. पदवीधरांच्या यादीत नाव असेल तर पुणे पदवीधर मतदारसंघाचे सदस्यही त्याचेच प्रतिनिधी आहेत, आणि शिक्षकांसाठी शिक्षक मतदारसंघाचे. विधानसभेतून सुटलेला मुद्दा परिषदेत मांडता येतो.

विधेयक दोन्ही सभागृहांच्या सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेले तर ती नागरिकांसाठी सर्वांत मोठी संधी असते. विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये मांडले गेले आणि त्याच वर्षी विधानसभेची मुदत संपल्यामुळे व्यपगत, म्हणजे आपोआप बाद झाले. डिसेंबर २०२४ मध्ये ते नागपुरात पुन्हा मांडले जाऊन संयुक्त समितीकडे गेले. समितीने सूचना मागवल्या तेव्हा बारा हजारांहून अधिक आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये ते काही बदलांसह दोन्ही सभागृहांत संमत झाले. ते बदल पुरेसे होते की नाही यावर मतभेद आहेत, आणि असावेत. पण ज्यांनी खंड क्रमांक लिहून सूचना पाठवल्या, त्यांचे म्हणणे निदान समितीच्या कागदपत्रांत पोचले. अधिवेशन संस्थगित झाल्याने, म्हणजे रीतसर संपवल्याने, प्रलंबित विधेयक बाद होत नाही, विधानसभा विसर्जित झाल्यावर मात्र तिथले प्रलंबित विधेयक व्यपगत होते. निवडणुकीच्या वर्षी हा फरक लक्षात ठेवावा.

अधिवेशन नसताना निघालेला अध्यादेश पुढच्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांनी त्याचा अंमल संपतो. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात त्याच्या जागी विधेयक येण्याची शक्यता धरावी. अध्यादेश हा विधेयकाचा कच्चा मसुदाच असतो, तो निघाल्या दिवशी वाचून ठेवला तर आपली तयारी आधीच झालेली असते.

आमदारांना लिहायचे पत्र एका पानाचे असावे. वर विधेयकाचे वर्ष, क्रमांक आणि नाव. मग खंड क्रमांक, त्यातला आताचा मजकूर अवतरणात, त्याखाली आपल्याला हवा असलेला मजकूर त्याच कायदेशीर भाषेत, आणि शेवटी आपल्या गावातल्या एका खऱ्या परिस्थितीचे चार ओळींचे वर्णन. ‘हे विधेयक अन्यायकारक आहे, कृपया विरोध करावा’ एवढ्या पत्रावर कोणताही सदस्य दुरुस्तीची सूचना देऊ शकत नाही, कारण त्यात दुरुस्तीच नसते. ‘खंड ४ मधील “पंधरा” ऐवजी “तीस”, कारण चंदगडच्या सभासदाला आदेशाची प्रत टपालाने मिळायलाच आठवडा जातो’ असे लिहिले तर स्वीय सहायक तो कागद बाजूला काढून ठेवतो. सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाजूंच्या सदस्यांना एकच पत्र द्यावे आणि तसे त्यात नमूद करावे. जमल्यास शिफारशीने प्रेक्षक गॅलरीचा पास घेऊन, महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रीत मुंबई गाठून, एकदा तरी खंडशः विचार प्रत्यक्ष पाहावा. ‘होय’च्या आवाजात किती खंड किती वेळात संमत होतात हे पाहिल्यावर पत्र वेळेत पोचण्याचे मोल कळते.

संमत झालेले विधेयक राज्यपालांकडे जाते. ते संमती देऊ शकतात, धन विधेयक नसेल तर फेरविचारासाठी परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. महिलांवरील अत्याचारांसंबंधीचे शक्ती विधेयक संयुक्त समितीतून जाऊन डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झाले, पण राष्ट्रपतींच्या संमतीअभावी कायदा झाले नाही. म्हणून संमत झाल्याच्या बातमीनंतरही आपली वही मिटू नये.

मराठी अधिनियम राजपत्राच्या भाग चारमध्ये येतो. तो उतरवून घेतल्यावर मी आमच्या संस्थेतल्या कायद्याच्या जुन्या प्रतीत, बदललेल्या ओळीवर नव्या मजकुराची पट्टी डिंकाने चिकटवतो. पट्टीच्या कडेला अधिनियमाचा क्रमांक, राजपत्राची तारीख आणि अमलात आल्याची तारीख लिहितो, आणि ज्या कलमात ‘विहित’ शब्द आहे तिथे नियमांच्या तारखेसाठी कोरी जागा ठेवतो. प्रत्येक अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी त्या कोऱ्या जागा तपासायच्या असतात.