आगोटीआधी (पावसाळा लागण्याआधी) वर्षाची सुकी-खारी मासळी कशी मागवावी आणि पैसे कसे द्यावेत

जून-जुलैत किनाऱ्यावर बहुतेक मासेमारी बंद असते, तेव्हा घरातली बेगमीच उपयोगी पडते. खरेदीला लोक मे महिन्यात धावतात, पण ऑर्डर फेब्रुवारी-मार्चमध्येच द्यावी. चांगले सोडे (सोललेली सुकी कोळंबी) आधी संपतात, आणि मे अखेरीस अवकाळी पाऊस आला तर वलांडीवरचे (वाळवायच्या दोरीवरचे) बोंबील भिजतात.

आधी हिशेब करा. चार माणसांना एका वेळेला आठ-दहा बोंबील लागतात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा केले आणि श्रावण पाळला, तर शेकडा-सव्वाशे बोंबील पुरतात. बोंबील अनेक ठिकाणी शेकड्यावर मिळतात, म्हणून भाव विचारताना शेकड्याचा की किलोचा हे स्पष्ट करून घ्या. जवळा (बारीक सुकी कोळंबी), सोडे, वाकट्या (पट्टीसारखी लांब सुकी मासळी), खारा बांगडा यांचीही अशीच यादी करा. वर्षभराचं घ्यायचं असेल तरी जवळा थोडा कमीच घ्या, तो लवकर जुनाट वास धरतो.

मग विक्रेती ठरवा. वसई, अर्नाळा, सातपाटी, वर्सोवा, मढ या भागांत बोंबील वाळवणाऱ्या कोळणींकडून थेट घेता येतं. गोव्याकडच्यांना पावसाआधीचा पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा, बाजार असतो. नवीन ओळख असेल तर आधी पाव-अर्धा किलो नमुना घ्या. बोंबील कडक हवा. वाकवला आणि लवचीक लागला तर अजून ओला आहे. पिवळट, खवट वासाचा नको. जवळा तळहातावर चोळा, रेती लगेच कळते.

पैशांचं असं करा. सगळी रक्कम आगाऊ देऊ नका, पण थोडा बयाणा जरूर द्या. वाळवायची ओली मासळी विक्रेतीला बऱ्याचदा रोखीनं घ्यावी लागते, तुमच्या बयाण्यानं तिचा हात मोकळा होतो. "मावशी, शंभर बोंबील आणि एक किलो सोडे, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात," असं सांगून भाव, वजन, तारीख आणि दिलेली रक्कम वहीत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवा. यूपीआयनं देत असाल तर स्क्रीनवर तिचंच नाव आलं का ते पाहा. बाकी रक्कम माल समोर तोलून घेतल्यावर त्याच जागी चुकती करा. ठरलेल्या भावावर ऐन वेळी घासाघीस करू नये. उन्हातान्हात मासळी उलटीपालटी करणाऱ्या बाईच्या कष्टाचे ते पैसे आहेत.

खाऱ्या बांगड्याचं वजन करण्याआधी वरचं सुटं मीठ झटकायला सांगा, नाहीतर मिठाचेच पैसे जातात.

घरी आणल्यावर सुकी मासळी एक-दोन कडक उन्हं देऊन, पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. खारा बांगडा मात्र काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत, तळाशी आणि वर खडे मीठ पसरून ठेवा, आणि काढताना ओला हात लावू नका.