विषय मागायला येण्याआधी

बी.टेक.चे निकाल लागले की सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी दोघं-तिघं तरी येतातच. चहा होतो आणि मग हळूच निघतं, "मॅडम, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करायची आहे. एखादा विषय द्या ना." त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते.

विषय माझ्याकडून घेऊ नका. महिनाभर एक वही ठेवा आणि कोडने तुम्हाला जिथे जिथे अडवलं ते तारखेनिशी लिहा. मी एका हळद व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. एक टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे आपोआप तपासणारा छोटा प्रोग्राम, सकाळी पास व्हायची, दुपारी फेल, आणि मधे कोडला कुणी हातही लावलेला नसायचा. पुढे कळलं की याला 'फ्लेकी टेस्ट' म्हणतात. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली अपाचे या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या ५१ प्रकल्पांमधले, अशा टेस्ट दुरुस्त करणारे २०१ कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) तपासले होते. मोठी कारणं तीन निघाली: उत्तराची पुरेशी वाट न पाहणं, थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामांची) आपसातली ओढाताण आणि टेस्ट कोणत्या क्रमाने चालतात यावर निकाल अवलंबून असणं. माझी टेस्ट तिसऱ्यातली होती. दुसरी एक टेस्ट डेटाबेसमध्ये पावती तशीच ठेवून जायची. क्रम बदलला की माझी बेरीज चुकायची.

वहीतल्या नोंदीतून प्रश्न काढा, आणि तो मोजता येईल इतका लहान करा. 'सॉफ्टवेअरची गुणवत्ता सुधारणे' यावर पाच वर्षं काढूनही हाती काही लागणार नाही. 'क्रमामुळे फेल होणारी टेस्ट दुरुस्त करताना लोक टेस्ट बदलतात की मूळ कोड?' हे मात्र गिट लॉग, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद, उघडून बसलात तर मोजता येतं.

स्वतःचा प्रयोग सुरू करण्याआधी दुसऱ्याचा एक करून पाहा. डिफेक्ट्सफोरजे (Defects4J) हा बगांचा संग्रह फुकट मिळतो. त्यात जावा प्रकल्पांमधले खरे बग आहेत. प्रत्येकाची चुकीची आवृत्ती, दुरुस्त आवृत्ती आणि तो बग उघडा पाडणारी टेस्ट. सूचना अक्षर न अक्षर वाचा. जावाची आवृत्ती तर नेमकी लागतेच, पण टाइमझोनही लॉस एंजेलिसचा धरलेला आहे. मी ती ओळ वाचलीच नव्हती. सांगलीच्या वेळेवर चाललेल्या लॅपटॉपवर काही टेस्ट का पडतात हे शोधण्यात माझे चार दिवस गेले. तरी ते मी वाया गेले असं मानत नाही, कारण निकालावर किती बारीक गोष्टींचा परिणाम होतो हे त्या चार दिवसांत शिकले.

आता सगळ्यात मेहनतीचं काम, आणि इथेच मुलं घाई करतात. नमुना हाताने तपासायचा. मी आणि मिरजेच्या माझ्या एका सहकारी मैत्रिणीने १२० कमिट वाटून न घेता, दोघींनी सगळेच्या सगळे वेगवेगळे वाचले आणि प्रत्येकाला कारणाचं लेबल दिलं. एकमेकींचं पाहायचं नाही, फोनवरही बोलायचं नाही. मग 'कोहेन्स कॅपा' (Cohen's kappa) हा आकडा काढला. दोघांचं मत योगायोगानेही काही वेळा जुळणारच. तेवढं वजा करून खरी सहमती किती ते हा आकडा सांगतो; सगळं जुळलं तर १. आमचा ०.४ च्या आसपास आला. समोरासमोर बसलो तेव्हा कळलं, 'वाट पाहणं' याचा अर्थच दोघी वेगळा धरत होतो. व्याख्या नव्याने लिहिल्या, प्रत्येकीखाली एक उदाहरण घातलं आणि पहिल्यापासून लेबलं दिली. या व्याख्यांचा कागद जपून ठेवा. परीक्षक आधी तोच मागतात.

आणि डेटा एकाच जागी ठेवू नका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आम्ही गावभागात राहायचो. कृष्णेचं पाणी तळमजल्यात शिरलं आणि कपाटातली हार्ड डिस्क गेली. तीन महिन्यांची लेबलं त्यातच होती. आता दर शनिवारी सगळं बाहेर पाठवते, आणि पेपरसोबतचा डेटा झेनोडो या संशोधनाचा डेटा ठेवायच्या वेबसाइटवर ठेवते. ती सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेची आहे, पैसे लागत नाहीत, डीओआय म्हणजे कायमचा ओळख क्रमांक मिळतो.

घरचे पैशांचं विचारणारच. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, शिवाय घरभाडं.

पेपर कुठे पाठवायचा? आपल्या क्षेत्रात परिषदांना मोठा मान आहे. आयसीएसई ही आंतरराष्ट्रीय परिषद १९७५ पासून भरते. रिपॉझिटरींवरच्या (कोड आणि त्याच्या बदलांच्या साठ्यांवरच्या) कामासाठी एमएसआर आहे, आणि भारतातली आयसेक २००८ पासून. 'पैसे भरा, आठ दिवसांत छापतो' म्हणणाऱ्या जर्नलपासून लांब राहा. मी एकदा फसले आहे; तो पेपर आजही माझ्या यादीतून काढता येत नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीआधी पेपर छापण्याची सक्ती राहिली नाही, तरी तुमच्या विद्यापीठाचे स्वतःचे नियम पाहून घ्या.

गाइड निवडताना शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा. मेलमध्ये स्वतःचे गुण मोजत बसू नका. त्यांचा एक पेपर वाचून कुठे अडलात ते दोन ओळींत लिहा, खाली वहीतला तुमचा प्रश्न लिहा. आणि माझ्याकडे येणार असाल तर वही घेऊन या. पाच-सहा पानं भरलेली असली तरी पुरे. आपण ती सोबत बसून वाचू.