नागपूरच्या उन्हाळ्यात टिकेल असा म्युऑन डिटेक्टर

आकाशातून येणारे म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण जड कण) मोजायला प्लास्टिक सिंटिलेटरच्या (कण आरपार गेला की क्षणभर चमकणाऱ्या प्लास्टिकच्या) दोन पाट्या पुरतात: १० × १० सेंमी, जाडी १ सेंमी, प्रत्येकीला ती चमक टिपणारा एक सेन्सर, सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर. आडव्या पृष्ठभागावर दर चौरस सेंमीला मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो, म्हणजे एका पाटीतून शंभरेक. आराखड्यात खरी डोकेदुखी तापमानाची. डिसेंबरात पहाटे १२ अंश, मे महिन्यात दुपारी ४५.

तापमान वाढलं की या सेन्सरचा ब्रेकडाउन व्होल्टेजही (ज्याच्या वर गेल्यावरच तो अशी चमक टिपतो) वाढतो, काही प्रकारांत अंशाला ५४ मिलिव्होल्ट. तीस अंशांत १.६ व्होल्ट. ब्रेकडाउनच्या वर ३ व्होल्ट ठेवून चालवत असाल तर निम्म्याहून जास्त गेले. पल्स, म्हणजे सेन्सरचा विजेचा सिग्नल, बुटका होतो, थ्रेशोल्ड (मोजणीसाठी ठरवलेली किमान उंची) गाठत नाही आणि दुपारी मोजणी घसरते. त्यात कोणी म्युऑनचं दैनिक चक्र शोधू नये! सेन्सरला चिकटवून थर्मिस्टर (तापमान मोजणारा छोटा भाग) बसवा, त्यावरून बायस व्होल्टेज (सेन्सरला दिलेला व्होल्टेज) बदला आणि तापमान दर मिनिटाला नोंदवा. खोली तळमजल्यावरची घ्या. म्युऑन स्लॅबमधून सहज आरपार जातात, गच्चीवर भाजत बसायची गरज नाही.

पाटीला हात लावताना हातमोजे घाला. बोटांच्या तेलाने बारीक तडे जातात, अ‍ॅसिटोनने तर नक्कीच. नळाला गुंडाळतात त्या टेफ्लॉन टेपचे तीन-चार थर, वर काळा कागद, मग काळी टेप. सेन्सरची जागा तेवढी उघडी ठेवून तिथे सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर. त्यात हवेचा बुडबुडा राहिला तर प्रकाश वाया जातो. अंधारात मोजणी सुरू करून कोपऱ्याकोपऱ्यावर टॉर्च फिरवा. आकडा उसळला की तिथे गळती आहे.

दोन्ही पाट्यांचे पल्स १०० नॅनोसेकंदांच्या आत आले तरच मोजा. सेन्सर म्युऑन नसतानाही स्वतःहून पल्स देतो आणि दोन्हीकडचे असे पल्स योगायोगाने एकत्र आले की खोटी जुळणी होते. खोट्या जुळण्यांचा दर २ × पहिल्या पाटीचा दर × दुसरीचा दर × ही १०० नॅनोसेकंदांची वेळ. प्रत्येकी सेकंदाला १००० पल्स असतील तर मिनिटाला १२ खोटे. २०० वर आणलेत तर दोन मिनिटांत साधारण एकच. थ्रेशोल्ड त्या हिशेबाने वर न्या.

कूलरचा मात्र जुळणीने बंदोबस्त होत नाही. पंप चालू-बंद होताना ठिणगीचा झटका दोन्ही तारांत एकाच क्षणी येतो आणि जुळणी म्हणून मोजला जातो. शिल्डवाली केबल, धातूचा डबा, एकाच ठिकाणी अर्थिंग आणि कूलरपेक्षा वेगळा प्लग, एवढं करा.

शेवटी पाट्या २० सेंमी अंतरावर ठेवून जोडी उभ्या दिशेपासून ६० अंशांत तिरकी करा. मोजणी उभ्या दिशेच्या साधारण चौथाईवर यायला हवी. तिथेही अर्धी राहिली तर अजून खोट्या जुळण्या मोजताय.